स्वाधार योजना तीन वर्षं वापरली, त्याचा रिव्ह्यू: पैसे भेटते, पण पयले करारनामा आणा

लोकं मोबाइलचे अन् कूलरचे रिव्ह्यू लिहिते, मी सरकारी योजनेचा लिहून रायली. हसू नका. तीन वर्षं वापरून झाली म्हटल्यावर तेवढा हक्क बनते. अन् दर जूनमध्ये गावातल्या बारावी झालेल्या पोट्ट्या फोन करते, ताई स्वाधारले काय काय लागते, मी अर्धा अर्धा तास सांगत बसते अन् तरी त्या दोन कागद विसरून जाते, तर यंदा एकदाच लिहून टाकते.

रेटिंग पयले देते म्हणजे ज्याले घाई आहे तो जाईन. पाचपैकी साडेतीन. पैशाले चार, बाकी नियमायले चार, ऑफिसले अडीच, अन् भाडे करारनाम्याच्या अटीले एक. याची सरासरी साडेतीन येत नाही हे मलेही माहीत आहे, पण या योजनेनं माझं शिक्षण झालं म्हणून अर्धा-पाऊण मार्क ग्रेसचा.

आमचं गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ३८ किलोमीटर. शेवटची लालपरी साडेपाचले सुटते, अन् प्रॅक्टिकल सुटेपर्यंत सव्वापाच होते, स्टँडवर पोचेपर्यंत गाडी गेलेली. पयले दोन महिने अपडाऊन करून पायलं, एक दिवस गाडी हुकली तर काळीपिवळीनं फाट्यापर्यंत अन् फाट्यावरून बाबा सायकल घेऊन आले घ्यायले, आठ वाजले होते, आईनं सांगतलं का हे जमत नाही, एक तर खोली कर नाही तर कॉलेज सोड. बाबाजवळ अडीच एकर कोरडवाहू वावर. वसतिगृहाचा फॉर्म भरला होता, नंबर लागला नाही. तिथून स्वाधार चालू होते.

पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सामाजिक न्याय विभागाची, २०१६-१७ पासून. साधा हिशोब असा का शासकीय वसतिगृहात जागा नाही, तर तू बाहेर किरायानं राहा, मेसमध्ये जेव, अन् त्याचे पैसे सरकार तुझ्या खात्यात टाकन. अकरावीपासून पुढं चालते. आपल्यासाठी म्हणजे अनुसूचित जाती अन् नवबौद्धांसाठी. आदिवासी पोरायसाठी अशीच पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, तिचं ऑफिस वेगळं, आदिवासी विकासवाल्यायचं. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यायसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, ती मागून आली, अन् तिच्यात जिल्ह्याले ६०० असा कोटा आहे म्हणून तिथं मेरिटची मारामारी. माझी रूममेट ओबीसी आहे, एकाच खोलीत राहतो, एकाच मेसमध्ये जेवतो, दोघींच्या योजना वेगळ्या अन् चकरा मात्र सारख्याच.

आता पैसे. शहर पाहून देते. मुंबई, ठाणे, पुणे अन् आपलं नागपूर, इथं वर्षाचे ६०,०००. बाकी महापालिकांच्या ठिकाणी ५१,०००, म्हणजे आपल्या इकडं अमरावती, अकोला, चंद्रपूर. जिथं महापालिका नाही असं जिल्ह्याचं ठिकाण, यवतमाळ, वर्धा, वाशिम, बुलडाणा, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, तिथं ४३,०००. पयले इथंच संपत होतं, आता तालुक्याच्या ठिकाणालेही लागू केलं, ३८,०००. मी ४३ वाली. त्याची फोड २५,००० जेवणाचे, १२,००० खोलीचे अन् ६,००० निर्वाह भत्ता. वरून वह्या-पुस्तकाचे २,००० वेगळे, मेडिकल-इंजिनिअरिंगवाल्यायले ५,०००. दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलो होतो तेव्हा रांगेत अमरावतीत शिकणारी एक पोट्टी भेटली, तिले ५१ भेटते म्हणे, मी म्हटलं बाई नशीबवान आहेस, तर ती म्हणे तिकडचा किराया ऐक मग बोल.

किरायाचं गणित ऐका. आमच्या खोलीचा किराया ४,५०० रुपये, आम्ही तिघी, म्हणजे एकीले १,५००. लाइट बिल वेगळं, कूलर लावला का त्याचे आणखी वेगळे. उन्हाळ्यात गावाले गेलं तरी खोली धरून ठेवायची तर किराया द्याच लागते, नाही तर जूनमध्ये खोली दुसऱ्याची. अकरा महिन्याचे १६,५०० झाले अन् योजनेत १२,०००. मेसचं उलट, महिन्याचे २,४०० नं दहा महिन्यात २४,०००, तिथं हजार रुपये उरते. मग आम्ही काय करतो, मेसचे उरलेले अन् निर्वाह भत्त्याचे मिळून किरायात ढकलतो. एकंदर जुळून जाते. म्हणून पैशाले चार. मी फॉर्म भरला तेव्हाही योजना सुरू झाली तेव्हाचेच आकडे होते, अन् किराये काही तेव्हाचे राहिले नाही, पण जे आहे ते भेटते, खोटं कायले बोलू.

नियम तसे कठीण नाही. उत्पन्न घरचं मिळून अडीच लाखाच्या आत, तहसीलदाराचा दाखला. आमच्या दाखल्यावर ४८ हजार आहे, तलाठीभाऊनं बाबाले विचारलंही नाही, वावर पायलं अन् आकडा टाकला, खरं तर त्या वर्षी तेवढेही नसन झाले. मार्क मागच्या परीक्षेत ५० टक्के, पयले ६० ची अट होती, मग खाली आणली, दिव्यांगांसाठी ४० आहे. मले बारावीले ६१ होते म्हणून सुटली. माझ्याच वर्गातली एक ४८ वर अडकली, दोन टक्क्यानं, आता ती रोज अपडाऊन करते. महाराष्ट्राचे रहिवासी पाहिजे अन् ज्या शहरात कॉलेज आहे तिथले राहणारे नको, हे बरोबरच आहे, ज्याचं घरच तिथं आहे त्याले खोलीचे पैसे कायले. पण आत्याकडे, मामाकडे राहत असन तर? मैत्रीण आत्याकडे राहत होती, आत्याले महिन्याले हजार रुपये अन् धान्य देत होती, ऑफिसमध्ये म्हणे करारनामा आण. आता सख्ख्या आत्याले स्टॅम्प पेपरवर सही मागन का कोणी? आत्या म्हणन पोरगी शिकून वाया गेली. तिनं फॉर्मच नाही भरला. हजेरी ७५ टक्के, अन् एका विद्यार्थ्याले जास्तीत जास्त सात वर्षं भेटते, म्हणजे अकरावीपासून धरलं तर डिग्री होऊन वर एमएस्सीही होते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायले बसली ते. करारनामा.

फाइलीत राहण्याचा पुरावा लागते. कुठं राहता, कोणाकडे, किती किराया, मालकाच्या सहीनिशी, मालकाच्या आधारच्या झेरॉक्ससह. कागदावर एक ओळ आहे ही, पण बाकी सगळे कागद सरकार देते नाही तर कॉलेज देते, ते मागायचा तरी हक्क असते. हा एकच कागद असा आहे का जो एका अनोळखी माणसाच्या मर्जीवर आहे. अन् त्या माणसाले हा कागद मागायचा म्हणजे आपली जात सांगायची. स्वाधार कोणासाठी आहे हे शहरात आता समद्यायले माहीत आहे.

मी अन् दादा तीन घरं फिरलो. पयल्या घरी काका बाहेर ओट्यावरच बसून होते, आत या म्हटलं नाही, नाव विचारलं, मी नाव सांगतलं, म्हणे पूर्ण नाव. पूर्ण सांगतलं. म्हणे गाव कोणतं, गावात घर कोणत्या बाजूनं. दादा म्हणे चाल. दुसऱ्या घरी बाई लय चांगली बोलली, चहा दिला, खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून कडुलिंब दिसते, दादानं ५०० रुपये इसार देऊन टाकला. निघताना मी म्हटलं काकू, स्वाधारचा फॉर्म भरायचा आहे तर करारनामा लागन. काकू म्हणे कशाचा? स्वाधारचा. बरं बरं, पाहू म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाले फोन, आमच्याकडे पाहुणे येऊन रायले, खोली घरीच लागते. ५०० रुपये वापस केले, त्यात काही खोट नाही, पूर्ण वापस केले. दोन आठवड्यानं त्याच खिडकीत माझ्या वर्गातल्या दुसऱ्या पोट्टीची ओढणी वाळत होती.

मी तेव्हा रडली नाही, राग आला. बाबा म्हणे ज्याच्या नावाची योजना आहे त्याले १९१७ मध्ये बडोद्यात राहायले जागा नाही भेटली, परदेशातून शिकून आलेला माणूस, महाराजांच्या नोकरीत, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला तर काठ्या घेऊन आले अन् बाहेर काढलं, तू तर बीएस्सी फर्स्ट इयरले आहे. बाबा चौथी शिकले आहे पण हे त्याईले तारखेसकट पाठ आहे. मी म्हटलं बाबा ते ठीक आहे, पण त्याईच्याच नावाच्या योजनेत आपल्याले दारोदार जात सांगायले लावते, हे कोणाच्या डोक्यात आलं असन?

तिसरं घर मावशीचं. एकटीच राहते, पोरगा पुण्याले कंपनीत, मागच्या अंगणात तीन खोल्या काढलेल्या, टिनाच्या, उन्हाळ्यात भट्टी अन् पावसाळ्यात ढोल. मावशी आपल्यातली नाही, तिनं आडनाव विचारलं अन् समजली पण काही बोलली नाही, म्हणे रात्री नऊनंतर गेट बंद, पोट्टे खोलीवर नाही, पाणी सकाळी एक तास. झालं. पण करारनामा म्हटलं तर तीही नाही म्हणे. तिचं कारण वेगळंच. एक तर नगरपालिकेले समजलं का किरायदार ठेवले तर घरपट्टी वाढवन. अन् दुसरं, कागद करून दिला का किरायदार खोली सोडत नाही, तिच्या भाच्याचं दुकान तसंच गेलं म्हणे, पंधरा वर्षं झाली कोर्टात आहे.

दादाचा एक मित्र वकिली शिकून रायला, तो आला समजवायले. त्यानं जे सांगतलं ते तुमच्याही कामी येईन म्हणून लिहिते. हा जो अकरा महिन्याचा कागद असते तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे फक्त राहायची परवानगी. जुन्या भाडेकरूसारखा हक्क त्यात लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम २४ मध्ये उलट मालकाचीच बाजू आहे, मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर दुप्पट किराया द्याव लागते. दुप्पट म्हटल्याबरोबर मावशीचे डोळे चमकले, म्हणे हे कागदावर लिहून दे मले. तो म्हणे मावशी कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी तिनं वेगळ्या ओळीत लिहून घेतलं.

त्याच कायद्याचं कलम ५५ आहे, त्यात असं का किरायाचा करार लेखी पाहिजे अन् रजिस्टर पाहिजे, अकरा महिन्याचा असला तरी, अन् रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यापर्यंत कैद नाही तर ५,००० पर्यंत दंड, नाही तर दोन्ही. म्हणजे खरं पायलं तर आपण मालकाले काही उपकार मागत नाही, त्याचंच काम त्याले करायले सांगतो. पण हे मालकाले सांगू नका बाप्पा. कैदेचं नाव काढलं का खोलीही गेली अन् करारनामाही गेला. दुप्पटवालं कलम सांगा, तेवढं पुरते.

आमचा नोटरीवर झाला, ऑफिसमध्ये चालला. तुमच्या इकडं रजिस्टरच पाहिजे म्हणू शकते, पयले विचारून घ्या. मावशीनं आधारची झेरॉक्स देताना त्याच्यावर आडवं लिहून घेतलं, फक्त स्वाधारसाठी. हुशार आहे.

अट काहून ठेवली हे मले समजते, मी काही लहान नाही. अटच नसती तर घरी बसून पैसे उचलणारे कमी निघाले नसते, अन् मग खरोखर राहणाऱ्याचा पैसा गेला असता. पण पहिल्याच वर्षी जानेवारीत वसतिगृहाच्या गृहपाल मॅडम स्वतः खोली पाहायले आल्या होत्या. पाच मिनिटं. तीन खाटा, भिंतीवर टाइमटेबल, कोपऱ्यात डब्बे, खुंटीले माझा कॉलेजचा ॲप्रन, त्यायनं पायलं, शेजारच्या खोलीत विचारलं ही इथंच राहते का, रजिस्टरमध्ये लिहिलं अन् गेल्या. पटलं त्यायले. मग मले हे सांगा का असं डोळ्यानं पाहून पटते तर ज्याच्याजवळ करारनामा नाही त्याच्यासाठी हेच का नाही चालत? आत्याकडची मैत्रीण यातच बसली असती. कॉलेजचा दाखला, मेसची पावती अन् गृहपालाची भेट, एवढ्यात माणूस खरा का खोटा समजते.

बाकी कागदायचं पटकन सांगते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासी, आधार, मार्कशीट, कॉलेजचं बोनाफाईड, हजेरीचा दाखला, पासबुकची झेरॉक्स, मेसची पावती, अन् शपथपत्र का मी इथली स्थानिक नाही अन् कोणत्या शासकीय वसतिगृहात राहत नाही. आता या शपथपत्रात लोकं लुटून रायले. पहिल्या वर्षी टायपिंगवाल्यानं १०० चा स्टॅम्प लावला, मी दिले. दुसऱ्या वर्षी म्हणे आता १०० चा बंद झाला, ५०० चा लागन. १०० चा बंद झाला हे खरं आहे, ऑक्टोबर २०२४ पासून सरकारनं बऱ्याच कामाले १०० अन् २०० चे ५०० केले. पण विद्यार्थ्याले सरकारी ऑफिसात शपथपत्र द्यायले स्टॅम्प लागतच नाही, २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालते. मी टायपिंगवाल्याले म्हटलं तर म्हणे ताई तुम्हाले जास्त समजते का, मग मी साध्याच कागदावर लिहून नेलं अन् खिडकीवरच्या बाबूनं काही न बोलता घेतलं. ५०० रुपये म्हणजे आईची दोन दिवसाची निंदणाची मजुरी होते, ती अशी कोणाले द्यायची.

पहिल्या वर्षी फाइल हातानं नेऊन द्याव लागली, मग ऑनलाइन झालं, वसतिगृह अन् स्वाधार एकाच पोर्टलवर. ऑनलाइन झालं म्हणून चकरा संपल्या असं समजू नका, पयले ऑफिसच्या होत्या आता सेतूच्याही झाल्या. सेतूवाला भाऊ १५० रुपये घेते अन् फोटो असे स्कॅन करते का आपल्याले आपणच ओळखू येत नाही. माझ्या फॉर्मले दोनदा त्रुटी निघाली. एकदा दहावीच्या मार्कशीटवर बाबाचं नाव वेगळं अन् आधारवर वेगळं, एका वेलांटीचा फरक. दुसऱ्यांदा काय त्रुटी आहे हे लिहिलंच नव्हतं, नुसतं त्रुटी आहे. ऑफिसमध्ये विचारलं तर साहेब मीटिंगले, तीन दिवस मीटिंग चालली, चौथ्या दिवशी एका शिपायी काकानं स्क्रीन पाहून सांगतलं का पोरी करारनाम्याचं शेवटचं पान अपलोडच झालं नाही, सह्या त्याच पानावर आहे. पाच मिनिटाचं काम. अडीच मार्कातला एक मार्क त्या काकाचा आहे.

बँकेचं लय महत्त्वाचं. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येते, पासबुकची झेरॉक्स कोणतीही लावा. ज्या बँकेले आधार शेवटी जोडलं गेलं तिकडं पैसा जाते. माझं झालं असं का आठवडी बाजारात सिम विकणाऱ्यानं दादाच्या सांगण्यावरून माझं मोबाइलवरचं खातं उघडून दिलं होतं, अंगठा घेतला अन् मोकळा झाला, मले वाटलं सिमसाठीच घेतला. पैसे आले असा ऑफिसमधून निरोप, अन् माझ्या पासबुकात काही नाही. पंधरा दिवस मी बँकेत भांडत होती. शेवटी त्या सिमच्या खात्यात निघाले, जसेच्या तसे. फॉर्म भरायच्या पयले बँकेत जाऊन नाही तर आधारच्या वेबसाइटवर पाहून घ्या का आपलं आधार कोणत्या बँकेले लागून आहे.

आता उशीर. खोली ऑगस्टमध्ये घेतली, पयला हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी. दुसरा जूनमध्ये, पेपर होऊन महिना झाल्यावर. योजनेचा सगळा कारभार असा आहे का पयले तू राहून दाखव, मग पैसे. पण ज्याच्याजवळ राहायले पैसे असते त्यानं स्वाधारचा फॉर्म कायले भरला असता? मधातले सहा महिने कोणी तरी उधार द्याव लागते. आमच्याकडं ते अर्धे मावशीनं दिले अन् अर्धे कापसानं. मावशीनं दिवाळीपर्यंत थांबते म्हटलं. बाबानं दिवाळीच्या पयले वेचा झाल्याबरोबर सहा क्विंटल कापूस खेडा खरेदीवाल्याले घरूनच देऊन टाकला, ६,४०० नं. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता. वाळवून, थांबून, केंद्रावर नेला असता तर क्विंटलमागं ६२० रुपये जास्त आले असते, सहा क्विंटलचे ३,७२०. माझ्या १२,००० च्या खोलीच्या पैशातून हे ३,७२० वजा करून पाहा. करारनाम्यात याचा कॉलम नाही.

हजेरीचंही कापसासोबतच येते. दिवाळीनंतर वेचणीले मजूर भेटत नाही, भेटली तर किलोमागं भाव मागते, तर मी पंधरा दिवस गावातच थांबली आईसोबत. वापस आली तर हजेरी ७१ टक्के. सरांच्या केबिनबाहेर चार दिवस उभी राहिली. शेवटी त्यायनं एक्स्ट्रा प्रॅक्टिकल घेऊन ७५ वर नेली, खोटी नाही लावली, सकाळी सात वाजता बोलावत होते. पुढच्या वर्षी मी शनिवार-रविवारच गेली वेचायले. ७५ ची अट मले चुकीची वाटत नाही, पण पावसाळ्यात नाल्याले पूर येऊन पाच दिवस रस्ता बंद होते तेव्हा ते दिवसही धरतात, हे मात्र पटत नाही.

मग घ्यावी का ही योजना? घ्याच. मी नसती घेतली तर आज बारावीवर घरी असती नाही तर लग्न झालं असतं. पण खोली पाहायले जातानीच करारनाम्याचं बोलून घ्या, इसार द्यायच्या पयले, म्हणजे ज्याले नाही म्हणायचं तो तोंडावर म्हणन, चहा पाजून नाही. अन् पयल्या सहा महिन्याचा किराया कुठून येईन हे घरी बसून ठरवा, स्वाधारचे येईन मग देऊ असं कोणाले सांगू नका, तारीख तुमच्या हातात नाही. जुलैमध्येच सगळे दाखले काढून ठेवा, ऑगस्टमध्ये सेतूत पाय ठेवायले जागा नसते.

माझे शेवटच्या सेमिस्टरचे पेपर चालू आहे, खोलीतल्या टिनाखाली बसून हे मोबाइलवर लिहून रायली, बाहेर ४५ आहे अन् आत किती हे विचारू नका. जूनपासून माझ्या खाटेवर गावातली एक पोट्टी येणार आहे, बारावीले ५८ पडले तिले. काल मावशीले तिचं नाव सांगतलं. मावशीनं आडनाव नाही विचारलं, म्हणे फाइल लवकर लाव म्हणा तिले, तुह्या टायमाले माझे सहा महिने अडकले होते, अन् आधारची झेरॉक्स माझ्या उशीखाली ठेवून आहे, घेऊन जाय.